बाय-ॲम्पिंग: दुसरा ॲम्प घेण्याआधी आणि जोडताना या चुका टाळा

स्पीकरच्या मागे चार टर्मिनल दिसली की हात शिवशिवायला लागतात. कंपनीने चार दिलीत आणि आपण दोनच वापरतोय, म्हणजे काहीतरी वाया चाललंय असं वाटत राहतं. मग बाय-ॲम्पिंगसाठी, म्हणजे एकाच स्पीकरच्या जाड आणि बारीक सुरांना वेगवेगळे ॲम्प (ॲम्प्लिफायर) देण्यासाठी, दुसऱ्या ॲम्पचा शोध सुरू होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: घरात एखादा ॲम्प पडून असेल तर जोडून बघायला हरकत नाही, पण खास यासाठी नवा ॲम्प घेतला तर त्या पैशांचं चीज होणं कठीण.

५० वॉट अधिक ५० वॉट म्हणजे १०० धरणं

सगळ्यात महागात पडते ती ही हिशोबाची चूक. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक सूर वेगळे करणारं सर्किट, तसाच ठेवून वूफरला (जाड सुरांचा) एक आणि ट्वीटरला (बारीक सुरांचा) एक ॲम्प जोडला की ते झालं पॅसिव्ह बाय-ॲम्पिंग. यात दोन्ही ॲम्पना अख्खा सिग्नल जातो, ढोलाचा ठोकाही आणि झांजेची किणकिणही. ट्वीटरकडचा ॲम्पसुद्धा ढोलाचं पूर्ण व्होल्टेज उभं करतो. क्रॉसओव्हर फक्त त्याचा करंट ट्वीटरपर्यंत जाऊ देत नाही. त्यामुळे मोठ्या ठोक्याला वूफरचा ॲम्प जिथे क्लिप होतो, म्हणजे व्होल्टेजची मर्यादा गाठून आवाज फाटतो, जवळपास तिथेच ट्वीटरचाही होतो. करंटचा भार वाटला जातो हे खरं, पण ती वाटणी फार विषम असते. क्रॉसओव्हर २ ते ३ किलोहर्ट्झला असेल तर संगीताची बहुतेक ताकद त्याच्या खालीच असते. वूफरचा ॲम्प राबतो आणि दुसरा जवळपास बसून असतो.

बरं, खरोखरच १०० वॉट मिळाले असं समजू. ताकद दुप्पट झाली की आवाज वाढतो ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. १ वॉटला ८७ डेसिबल देणारा स्पीकर ५० वॉटवर एक मीटर अंतरावर १०४ डेसिबलच्या आसपास जातो. तेवढ्यात शेजारी दार वाजवतात.

एव्ही रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या ॲम्पमध्ये) मागच्या सराउंडचे दोन चॅनेल मोकळे असतील तर ते पुढच्या स्पीकरला देता येतात. फुकटात होतं, म्हणून करून बघा. पण आत पॉवर सप्लाय एकच आहे, एकाच टाकीला दुसरा नळ बसवल्यासारखं. आणि केबल जोडून भागत नाही, मेन्यूत ते चॅनेल बाय-ॲम्पला नेमून द्यावे लागतात. ट्वीटर मुके राहिले तर आधी मेन्यू बघा.

पट्ट्या तशाच ठेवणं

वरच्या आणि खालच्या टर्मिनलना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे जंपर, बाय-ॲम्पिंगच्या आधी काढायलाच हव्यात. राहिल्या तर दोन ॲम्पची आउटपुट एकमेकांना भिडतात. नशीब चांगलं असेल तर ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, नसेल तर जळतो. लाल पट्टी काढायची आठवण सगळ्यांना असते, काळी राहते. मीही ती ठेवली होती, ‘मायनस म्हणजे ग्राउंडच ना’ म्हणून. पण बऱ्याच क्लास-डी ॲम्पमध्ये आउटपुट ब्रिज केलेलं असतं आणि मायनसवरही सिग्नल असतो. माझा ॲम्प सुरू झाला की दोन सेकंदांत बंद पडायचा आणि मी संध्याकाळभर केबल बदलत बसलो होतो.

म्हणून पट्ट्या काढल्यावर, केबल जोडायच्या आधी, मल्टिमीटर ओहमवर ठेवून वरचा लाल–खालचा लाल आणि वरचा काळा–खालचा काळा तपासा. दोन्हीकडे जोड दिसता कामा नये. खालच्या जोडीच्या लाल-काळ्यात काही ओहम दिसतील. वरच्या जोडीवर मीटर बहुधा काहीच दाखवणार नाही, कारण वाटेत कपॅसिटर आहे. ते बघून ट्वीटर गेला म्हणून स्पीकर उघडायला घेऊ नका.

गेन न जुळवता दोन वेगळे ॲम्प लावणं

‘खाली ट्रान्झिस्टर, वर ट्यूब’ ही जोडी अनेकांना मोहात पाडते. ऐकताना आवाज एकदम मोकळा झाला, बारकावे उघडले, असं वाटतं. बरेचदा झालेलं एवढंच असतं की एका ॲम्पचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो ते, २६ डेसिबल आणि दुसऱ्याचा २९. म्हणजे ट्वीटर ३ डेसिबलने वर चढलाय. हे काम ट्रेबलच्या बटणाने फुकटात झालं असतं! आठवड्याभराने कान दुखायला लागले की त्याचा दोष रेकॉर्डिंगवर जातो.

तपासणी सोपी आहे. स्पीकर सुटे करा, १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि दोन्ही ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा. एकावर २ आणि दुसऱ्यावर २.८२ व्होल्ट आले तर फरक ३ डेसिबलचा. ज्याचा गेन जास्त त्याचा लेव्हल नॉब खाली आणा. नॉब नसेल तर ती जोडी विसरा. ट्यूब ॲम्प मात्र लोडशिवाय चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर बेततं. त्याला स्पीकर जोडलेला ठेवूनच बारीक आवाजात मोजा.

सारख्याच मॉडेलचे दोन स्टिरिओ ॲम्प असतील तर ही कटकट जवळपास उरत नाही. एका स्पीकरला एक अख्खा ॲम्प द्या. एक चॅनेल वूफरला, दुसरा ट्वीटरला.

काही ॲम्प सिग्नल उलटा करून देतात. असा एक आणि साधा एक मिळून लावले, किंवा एका जोडीची लाल-काळी केबल अदलाबदल झाली, की क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात खड्डा पडतो आणि गायकाचा आवाज पोकळ येतो. बास पातळ वाटत असेल तर डावा आणि उजवा वूफर उलट हलत असतील; ॲम्पकडून केबल सोडवून तिच्या टोकांना क्षणभर पेन्सिल सेल लावा. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलायला हवेत. हा प्रयोग ट्वीटरवर करू नका.

क्रॉसओव्हर दोनदा लावणं

बाय-ॲम्पिंगचा खरा फायदा ॲक्टिव्ह पद्धतीत आहे. तिथे सिग्नल ॲम्पच्या आधीच विभागला जातो, प्रत्येक ॲम्पला फक्त आपला वाटा मिळतो, आणि वूफरचा ॲम्प क्लिप झाला तरी ट्वीटरला त्याची झळ लागत नाही. पण त्यासाठी स्पीकरमधला पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढावा लागतो. तो आत ठेवून बाहेर इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर लावला तर दोन्हींचे उतार एकावर एक बसतात आणि मधल्या सुरांचा खड्डा होतो.

काढून टाकला तरी काम संपत नाही. तो सर्किटबोर्ड नुसता सूर वाटत नव्हता. पेटीच्या रुंदीमुळे बदलणारा तोल सावरणं, ट्वीटरची पातळी वूफरला जुळवणं हेही तोच करत होता. मापन मायक्रोफोन आणि भरपूर सवड नसेल तर चांगला स्पीकर बिघडेल. शिवाय ॲम्प सुरू होतानाचा ‘धप्प’ आता सरळ ट्वीटरवर आदळतो, म्हणून त्याच्या वाटेत योग्य किमतीचा कपॅसिटर ठेवा. ज्यांना हा फायदा हवाय पण खटाटोप नको, त्यांनी ॲम्प आत असलेले तयार ॲक्टिव्ह स्पीकर ऐकावेत.

घरघर ऐकू आली तर

दुसरा ॲम्प आल्यावर गुणगुण सुरू झाली, तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांच्या अर्थ-ग्राउंडच्या जोडण्यांचं वेटोळं झालंय. दोन्ही ॲम्प आणि प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधीचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि सिग्नलच्या केबल आखूड ठेवा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नका. शांततेत ट्वीटरमधून नुसतं ‘स्स्’ येत असेल तर तो त्या ॲम्पचा स्वतःचा आवाज आहे, केबल बदलून जाणार नाही. सुरू करताना आधी सोर्स, मग प्रीॲम्प, शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना उलट्या क्रमाने.