‘मला थायरॉईड आहे’ एवढंच सांगू नका! हायपरथायरॉईडमधल्या या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचं औषधांचं दुकान आहे. २२ वर्षं मी काउंटरला उभी आहे, आणि त्यातलं दीड वर्ष मी स्वतः हायपरथायरॉईडची गोळी खाल्ली आहे. दर आठवड्याला कुणीतरी त्याच चुका घेऊन समोर येतं. प्रत्येकाला उभ्या उभ्या समजावणं होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते.

‘थायरॉईडची गोळी द्या’

सगळ्यात मोठी चूक बोलण्यातच आहे. थायरॉईड सगळ्यांनाच असतो. कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिचं काम कमी पडलं तर हायपो आणि जास्त झालं तर हायपर. आपल्याकडे हायपोचे पेशंट कितीतरी जास्त, त्यामुळे ‘थायरॉईड’ म्हटलं की शेजारीपाजारी जे सांगतात ते सगळं हायपोचं असतं. हायपरवाल्याने ते ऐकलं तर आजार उलट्या दिशेने पळतो.

रिपोर्ट वाचतानाही हाच घोळ. टीएसएच ०.०१ आलं की लोक म्हणतात, ‘थायरॉईड कमी झालाय.’ अहो, उलटं आहे! टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉईडला दिलेला हुकूम असतो. रक्तात हार्मोन भरपूर झालं की वरून हुकूम येणं थांबतं. म्हणून टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या बरंच खाली आणि टी३, टी४, म्हणजे थायरॉईडची हार्मोन्स, वर, असं दिसलं तर थायरॉईड जास्त आहे.

या एका शब्दापायी काय होतं ते सांगते. आमच्याकडे एक मावशी कार्बिमाझोल न्यायच्या, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी. भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या आणि गोळ्या घरीच राहिल्या. नणंद म्हणाली, ‘मलाही थायरॉईडच आहे, माझ्यातल्या घ्या.’ नणंदेची गोळी १०० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिन, म्हणजे हार्मोनच. मावशींनी ती १० दिवस घेतली, आणि तीही शिस्तीत, रोज पहाटे उपाशीपोटी. परत आल्या त्या थेट दुकानात, ‘छातीत धडधडतंय, ॲसिडिटीचं काहीतरी द्या’ म्हणत. मी मनगट धरलं. ठोके मोजता येईनात, मध्येच अडखळत होते. मशीनने १३८ दाखवले. मुलाला फोन करून तासाभरात साताऱ्याला पाठवलं. हृदयाची लय बिघडली होती, ४ दिवस दवाखान्यात काढावे लागले. नणंदेने मायेनेच दिली होती हो गोळी.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. दोन्ही गोळ्या लहानशा, दोन्ही बहुतेक वेळा बाटलीतच मिळतात. मी बाटलीवर मार्करने ठळक लिहून देते, ‘कमी करणारी’ किंवा ‘वाढवणारी’. तुम्हीही घरी लिहून ठेवा. आणि कुठल्याही डॉक्टरला, दंतवैद्यालासुद्धा, ‘थायरॉईड जास्त आहे, कार्बिमाझोल चालू आहे’ असं पूर्ण वाक्य सांगा.

वजन उतरलं म्हणून खूश होणं

ही चूक मी स्वतः केली. चार महिन्यांत ५८ वरून ४९ किलोवर आले. दोन भाकरी जास्त खात होते तरी उतरत होते. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, ‘काय डाएट केलंस गं?’ मला बरं वाटायचं. रात्री उशीवर कान टेकला की ठोके ऐकू यायचे, पंख्याखालीही घाम यायचा, दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागायचं. वय ४६, पाळी अनियमित. सगळे म्हणाले पाळी जायची वेळ आली, मीही तेच धरून चालले.

कळलं ते दिवाळीच्या पहाटे. रांगोळीचे ठिपके नीट पडले, पण ते जोडायला गेले तर सरळ रेषच येईना. चिमटीतून रांगोळी बारीक बारीक नागमोडी सांडत होती. पुसून तीनदा काढली. मग उठायला गेले, तर मांड्यांत जोर नाही. उंबऱ्याला धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं.

म्हणून सांगते, भूक चांगली असताना वजन उतरत असेल तर कौतुक करून घेऊ नका, तपासणी करा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. रोज ९०-१०० च्या घरात येत असतील तर टीएसएच, टी३, टी४ करून घ्या. हात पुढे पसरून बोटांवर कागद ठेवा, थरथर लगेच दिसते. ज्येष्ठांमध्ये मात्र यातलं फारसं काही दिसत नाही. नुसता थकवा, वजन उतरणं, अनियमित ठोके. ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात आणि तिथेच फसतात. तरुण पुरुषांमध्ये क्वचित असंही होतं की रात्री जड जेवण करून झोपले आणि पहाटे पायच हलेनात. रक्तातलं पोटॅशियम एकदम घसरल्याने हे होतं आणि मुळाशी थायरॉईड निघतो. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा.

केसांच्या गोळ्या खाऊन तपासणी करणं

थायरॉईड जास्त असला की केस गळतात, केस गळले की लोक बायोटिन सुरू करतात. बहुतेक गोळ्या १० मिलिग्रॅमच्या असतात आणि एवढ्या बायोटिनने तपासणीच फसू शकते. टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त दिसतं. धडधाकट माणूस कागदावर हायपर होतो! रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

आठ दिवसांत गुण येत नाही म्हणून वैतागणं

काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘गोळी लागू पडत नाही.’ कधी सुरू केली? मागच्या सोमवारी. कार्बिमाझोल नवं हार्मोन बनणं थांबवते. ग्रंथीत आधी भरून ठेवलेला साठा आठवडेच्या आठवडे पुरतो, आणि रक्तातलं टी४ निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. फरक जाणवायला तीन-चार आठवडे, नीट ताळ्यावर यायला त्याहून जास्त. तोवर धडधड आणि थरथर आवरायला डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात, ती काही तासांत काम करते. दमा असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, आणि ही गोळी मनाने एकदम बंद करू नका.

दुसरी घाई टीएसएचची. दोन महिन्यांनी टी३, टी४ जागेवर येतात, पण टीएसएच तळालाच असतं. घाबरून लोक मनानेच डोस वाढवतात. टीएसएच मागाहून उठतं, कधी कित्येक महिन्यांनी. तोवर टी३, टी४ वरच नजर ठेवायची. माझं टीएसएच पाचव्या महिन्यात हललं. तोपर्यंत मी प्रत्येक रिपोर्ट एकाच लॅबमधून काढला आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर टी३, टी४, टीएसएच, वजन आणि सकाळचे ठोके लिहीत गेले. डॉक्टरांना ते पान दाखवलं की दोन मिनिटांत काम व्हायचं.

बरं वाटलं की गोळी बंद करणारे तर आहेतच. ग्रेव्हज आजारात, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी ग्रंथीला चेतवतात त्या प्रकारात, साधारण १२ ते १८ महिने गोळी घ्यावी लागते. तेवढं करूनही निम्म्याजणांना तो पुन्हा उलटतो, मग तिसऱ्या महिन्यात सोडून कसं चालेल? अर्धवट सोडलेल्या गोळीवर एखादं इन्फेक्शन किंवा ऑपरेशन आलं, तर जोराचा ताप, उलट्या, भ्रम, सुसाट ठोके अशी अवस्था येऊ शकते. तिला थायरॉईड स्टॉर्म म्हणतात, त्यात जीवही जाऊ शकतो. धण्याचं पाणी प्यायचं तर प्या, पण गोळीच्या जागी नको.

आणि कुणाची उरलेली कार्बिमाझोल स्वतः सुरू करू नका. बाळंतपणानंतर किंवा व्हायरल तापानंतर कधी कधी ग्रंथीला सूज येऊन आतलं हार्मोन नुसतं गळत असतं. ते काही आठवड्यांत थांबतं, तिथे या गोळीचा उपयोगच नाही. कुठला प्रकार आहे ते अँटिबॉडीच्या तपासणीने किंवा स्कॅनने कळतं.

गोळी चालू असताना ताप आला आणि नुसती पॅरासिटामॉल घेतली

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

पंचविशीतला एक मुलगा संध्याकाळी आला. ताप १०२, घसा इतका दुखत होता की थुंकी गिळताना डोळे मिटत होता. ‘पॅरासिटामॉल आणि ती तीन दिवसांची अँटिबायोटिक द्या.’ चिठ्ठी नव्हती. मी विचारलं, ‘दुसरं काही औषध चालू आहे?’ म्हणाला, ‘नाही.’ पण तोंड ओळखीचं वाटलं. रजिस्टर चाळलं तर ५ आठवड्यांपूर्वी कार्बिमाझोल नेलेली. ‘ती होय, ती तर थायरॉईडची, रोजचीच आहे.’ त्याला ते औषधच वाटत नव्हतं. मी काहीच विकलं नाही. त्याच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळी तिथल्या तिथे थांबवायला आणि लगेच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला सांगितलं. समोरच्या लॅबमधून तासाभरात रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी ९००. असायला हव्यात ४,००० च्या वर. त्याच रात्री त्याला वेगळ्या खोलीत ॲडमिट केलं. नवव्या दिवशी पेशी वर आल्या. त्या रात्री मी पॅरासिटामॉल देऊन पाठवलं असतं तर काय झालं असतं, हे आजही मनात येतं.

या गोळीने हजारात दोन ते पाच जणांच्या पांढऱ्या पेशी अशा घसरतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. आधी केलेला सीबीसी चांगला होता म्हणून निर्धास्त राहू नका, पेशी एकाएकी घसरतात. ताप, घसा दुखणं, तोंड येणं, यातलं काहीही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन आणि सीबीसी. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली तरी तसंच. मी प्रत्येक नव्या पेशंटच्या फाईलवर लाल शाईने हे लिहून देते.

आता बारीकसारीक. दिवस राहायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोल बाळाला बाधू शकते आणि गोळी बदलावी लागते. विडी-सिगारेट सोडा, ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर येण्याचा त्रास तिने वाढतो. नेहमीचं आयोडीनचं मीठ बदलू नका, पण आयोडीनने भरलेल्या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल नकोत. कोबी खुशाल खा. आणि बरं होताना वजन परत वाढतं, कारण आजारातली दोन जादा भाकरींची सवय तशीच राहते. मी एक भाकरी कमी केली, दोन महिने भूक छळत राहिली, मग सवय झाली.

गोळीने भागलं नाही तर ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीन. या आयोडीनचं नाव काढलं की लोक कॅन्सर, किरणं म्हणून हबकतात. बोस्टनमध्ये १९४१ साली पहिल्या पेशंटला ते दिलं गेलं, इतकं ते जुनं आहे. एक घोट किंवा एक कॅप्सूल, मग काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं, आणि निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डोळ्यांचा त्रास असेल तर आधी सांगायचं, तो वाढू शकतो. त्यानंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि जन्मभर थायरॉक्सिन घ्यावी लागते. ‘मग उपयोग काय?’ असं विचारतात. रोज एक गोळी आणि वर्षातून एक-दोन तपासण्या, बस. ठोके अडखळत नाहीत, हाडं झिजत नाहीत.

लग्नाला गेलेल्या त्या मावशींनी शेवटी तेच घेतलं. आता दर चार महिन्यांनी येतात, बाटली काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, ‘लिही गं.’ मी लिहिते, ‘वाढवणारी’.