क्वालिटी सुधारायला निघालात? खान्देशातल्या छोट्या कारखान्यांनी या चुका टाळा

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटात जा आणि मालकाला विचारा, "शेठ, महिन्याला माल किती खराब होतो?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "आपल्याकडे वाया असं काही जातच नाही." त्यांच्या हिशेबाने ते खरंही असतं. पाईप जाड-पातळ निघाला तर ग्राइंडरमध्ये दळला जातो आणि पुन्हा हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या कच्चा माल ओतायच्या तोंडात, येतो. डाळीचा चुरा झाला तर ढेपवाला घेऊन जातो. पॅकिंगमध्ये बाद झालेली केळीची फणी संध्याकाळी गावातल्या हातगाडीवर दिसते. आपल्या भागातल्या धंद्यांत भंगारालाही गिऱ्हाईक आहे, त्यामुळे भंगार कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. क्वालिटीच्या कामातल्या निम्म्याअधिक चुका मला इथूनच सुरू झालेल्या दिसतात.

पहिली चूक: न दिसणारा तोटा न मोजणे

ग्राइंडरमध्ये गेलेल्या पाईपवर वीज एकदा खर्च झाली, दळताना दुसऱ्यांदा आणि पुन्हा पाईप काढताना तिसऱ्यांदा. मशीनचे तास गेले, मजुरी गेली. पीव्हीसी दोनदा तापल्यामुळे त्यातलं स्टॅबिलायझर (उष्णतेने माल बिघडू नये म्हणून घातलेलं रसायन) खर्ची पडलं ते वेगळंच. खातेवहीत मात्र रेझिन, म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल, आलं एवढंच दिसतं, आणि रेझिन तर परत मिळालं.

डाळ मिलचंही तेच. तुरीत टरफल साधारण 15 टक्क्यांच्या आत असतं, तरी जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये डाळीचा उतारा 70 ते 75 टक्क्यांवर अडकतो. मधली टक्केवारी चुनी-चुऱ्यात, म्हणजे जनावरांच्या खाद्यात विकल्या जाणाऱ्या तुकड्या-पिठात, जाते. तेल-पाणी सगळ्या दाण्यांना सारखं लागलं नाही किंवा खळ्यावर वाळवताना थर जाड राहिला की टरफल नीट सुटत नाही. मग तोच माल रोलमधून आणखी एकदा काढावा लागतो, आणि प्रत्येक फेऱ्याला दाण्याच्या कडा झिजून पीठ होतं. हा तोटा रोलजवळ दिसला तरी जन्मलेला असतो दोन-तीन दिवस आधी, खळ्यावर.

म्हणून एक आकडा रोज लिहा: पहिल्याच फेरीत, दुरुस्ती किंवा पुन्हा प्रक्रिया न करता, किती टक्के माल पास झाला. चुनीपुढे तिचा विक्रीचा भाव लिहू नका, डाळीच्या आणि चुनीच्या भावातला फरक लिहा. महिनाअखेरीस ती बेरीज पाहून शेठ स्वतःच खळ्यावर चक्कर मारायला लागतात.

चेकर वाढवून क्वालिटी येत नाही

तक्रार आली की आपला पहिला उपाय ठरलेला: शेवटी आणखी एक माणूस उभा करा. तपासणीमुळे खराब माल बाहेर जायचा कमी होतो, तयार व्हायचा कमी होत नाही. त्यातच दोन चेकर एकामागे एक उभे केले की पहिला दुसऱ्याच्या भरवशावर राहतो आणि दुसरा पहिल्याच्या. चेकर लागतोच, पण त्याच्या वहीतली नोंद त्याच दिवशी मशीनवाल्यापर्यंत गेली पाहिजे. ती ऑफिसच्या कपाटात जाणार असेल तर त्याचा पगार हा फक्त खर्च आहे.

सगळ्यात महागडी चूक: प्रत्येक आकड्यामागे मशीन फिरवणे

यावर जरा थांबतो, कारण ही चूक आळशी माणूस करत नाही, कष्टाळू आणि प्रामाणिक ऑपरेटर करतो.

समजा पाईपची जाडी 3.50 मिमी हवी आहे. एक वाजता 3.54 आली, ऑपरेटरने हॉल-ऑफचा (पाईप ओढून घेणाऱ्या यंत्राचा) वेग किंचित वाढवला. दोन वाजता 3.45, त्याने वेग कमी केला. तीनला 3.57, पुन्हा वाढवला. पाळी संपेपर्यंत तो मशीनपाशी राबतो, आणि पाईप त्याने हात न लावता निघाला असता त्याहून जास्त जाड-पातळ निघतो.

कारण असं आहे की कुठल्याही प्रक्रियेत थोडा चढउतार अंगचाच असतो. रेझिनचा एखादा लॉट, व्होल्टेज, थंड पाण्याच्या टाकीचं तापमान, अशी बारीक बारीक कारणं मिळून तो होतो. 1924 मध्ये अमेरिकेत बेल टेलिफोनच्या कामात असताना वॉल्टर शूहार्ट यांनी हा अंगचा चढउतार आणि बाहेरून आलेलं एखादं खास कारण वेगळं ओळखायला कंट्रोल चार्ट काढला. पुढे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग नरसाळ्यातून गोळी टाकण्याच्या प्रयोगाने दाखवायचे की स्थिर प्रक्रियेत प्रत्येक चुकीएवढी उलटी दुरुस्ती करत गेलं तर पसारा कमी होण्याऐवजी सुमारे 41 टक्के वाढतो. (हे सगळं परदेशी खूळ आहे असं वाटत असेल तर हेही सांगतो: आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून शूहार्ट 1947-48 च्या सुमारास भारतात येऊन इथल्या कारखान्यांत ही पद्धत समजावून गेले होते.)

चार्टला सॉफ्टवेअर लागत नाही. मशीनला हात न लावता लागोपाठ 25 मापं घ्या आणि सरासरी काढा. प्रत्येक माप आणि त्याच्या आधीचं माप यांतला फरक लिहा, चिन्ह सोडून द्या, आणि त्या फरकांची सरासरी काढा. तिला 2.66 ने गुणा. आलेला आकडा मापांच्या सरासरीत मिळवला की वरची मर्यादा, वजा केला की खालची. वरच्या उदाहरणात सरासरी 3.50 आणि फरकांची सरासरी 0.05 आली तर मर्यादा 3.37 आणि 3.63. कागदावर या दोन मर्यादांच्या रेघा ओढा आणि पुढचं प्रत्येक माप वेळेप्रमाणे त्यावर मांडत जा.

माप या दोन रेघांच्या आत वरखाली होत असेल तर वेगाला हात लावायचा नाही. एखादं माप बाहेर गेलं, किंवा लागोपाठ आठ मापं सरासरीच्या एकाच बाजूला आली, तर थांबायचं आणि तेव्हाच शोधायचं: नवी गोणी फोडली का, हीटर गेला का, लाइट गेल्यावर मशीन पुरतं तापायच्या आधीच माल काढला का. मे महिन्यात दुपारी पारा 44-45 वर गेला की टाकीतलं पाणीही तापतं आणि पाईप गोल राहत नाही. चार्टवर ते घड्याळासकट दिसतं.

इथे एक गफलत नेहमी होते. या रेघा तुमच्या मशीनच्या आहेत, गिऱ्हाइकाच्या नाहीत. गिऱ्हाइकाला 3.40 च्या खाली माल चालत नसेल आणि तुमची खालची रेघ 3.37 असेल, तर प्रक्रिया स्थिर आहे पण पुरेशी नाही. अशा वेळी ऑपरेटरला झापून काही होत नाही. डाय (पाईपला आकार देणारा साचा), फीडिंग किंवा पाण्याची व्यवस्था बदलायची, नाहीतर सरासरी वर उचलून जादा माल फुकट द्यायचा. हा निर्णय मालकाचा आहे, पाळीतल्या माणसाचा नाही.

पाच वेळा "का" विचारून माणसापाशी थांबणे

"का? का?" करत मूळ कारणापर्यंत जाण्याची पद्धत टोयोटामुळे जगभर गेली. आपल्याकडे ती दुसऱ्याच "का"ला "मजुराने लक्ष दिलं नाही" इथे येऊन टेकते, आणि कागदावर उपाय लिहिला जातो: समज दिली.

रावेर-सावद्याकडची केळी घ्या. दिल्लीला पेट्या उघडल्या तर सालीवर काळे घासटे. का? वाटेत फण्या हलल्या. का? पेटीत काही फण्या सैल, काही कोंबलेल्या. का? टेबलवर लहान-मोठ्या फण्या एकत्र येतात. मग बाईने पेटी भरली कशी? काट्यावर 13 किलो दिसेपर्यंत. शेवटी वजन कमी पडलं तर एक बारकी फणी कडेला खुपसली. का? कारण तिचं काम वजनावरच पाहिलं जातं, आणि आकाराप्रमाणे वेगळ्या करायला तिच्यासमोर जागाच नाही. आता उपाय सापडला: फण्या धुण्याच्या हौदानंतर आकाराचे दोन कप्पे. बाईला समज देऊन हा डाग गेला नसता.

"माल तसाच शे, साहेब," असं ऑपरेटर म्हणाला तर त्याला उडवून लावू नका. कुठल्या लॉटचा, कुठल्या व्यापाऱ्याचा, किती ओलाव्याचा, ते तिथेच लिहून घ्या. दहातल्या काही वेळा ते निमित्त असेल, पण बाकीच्या वेळा तोच तुमचा पहिला धागा असतो.

आणखी काही, थोडक्यात

मापाचं साधन न तपासता माप सुधारायला निघू नका. दहा तुकडे घ्या, दोन माणसांना एकमेकांचे आकडे न दाखवता दोन-दोनदा मोजायला सांगा. त्या दोघांतच फरक येत असेल तर आधी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) आणि मोजायची जागा ठरवा.

आयएसओ 9001 चं प्रमाणपत्र तुमच्या व्यवस्थेला मिळतं, मालाला नाही. पाईपवर आयएसआय मार्क हवा असेल तर ते वेगळं प्रकरण आहे; पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाईपला आयएस 4985 लागू होतं. ऑडिटच्या आठ दिवस आधी वर्षभराच्या नोंदी तयार करणारे कारखाने मी पाहिले आहेत. त्यांना प्रमाणपत्र मिळतं, उपयोग शून्य.

फाइव्ह एस, ही कामाची जागा नीट लावून ठेवायची जपानी पद्धत, म्हणजे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी झाडलोट आणि पिवळे पट्टे, असंही नाही. डाय बदलायला लागणारा पाना शोधण्यात किती वेळ गेला, यावरून ते जमलं की नाही ते कळतं.

सिक्स सिग्मा, दहा लाखांत 3.4 दोष, हे मोटोरोलाने 1986 च्या सुमारास सुरू केलेलं प्रकरण. शंभरात पाच पाईप परत दळणाऱ्याने त्याच्या बेल्टसाठी, म्हणजे प्रशिक्षणाच्या पदव्यांसाठी, पैसे घालवू नयेत. आधी वरचा चार्ट.

चार्ट लावला, तरी काही दिसत नाही?

पहिल्या आठवड्यात सगळी मापं 3.50, 3.50, 3.51, 3.50 अशी आली तर पेढे वाटू नका. नोंदवही हातात घ्या. सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच दाबाने, सरळ रेषेत उतरल्या असतील तर ती वही पाळी सुटताना एका बैठकीत भरलेली आहे. मशीनजवळ लिहिलेल्या वहीला ग्रीसचा अंगठा लागतो, मध्ये एखादी वेळ चुकते, आकडा खोडून पुन्हा लिहिलेला असतो. खोटी वही भरणाऱ्याला रागावण्याआधी मागच्या वेळी खराब माप लिहिणाऱ्याला काय ऐकावं लागलं होतं, ते सुपरवायझरला विचारा. मग पुढचे पंधरा दिवस कुठल्याही आकड्यावरून कुणाला बोलायचं नाही असं सगळ्यांसमोर सांगा, वही मशीनच्या खांबाला दोरीने बांधा, आणि 25 मापं पुन्हा पहिल्यापासून घ्या.