पाण्याखाली स्टॉपवॉच: माझी चूक आणि उपाय

तारकर्लीला स्कूबा करताना वर येताना ५ मीटर खोलीवर सुरक्षिततेसाठी ३ मिनिटांचा थांबा घ्यायचा होता. हातात नवं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, मग हौस आवरते कुठे! बटणाचा स्क्रू सैल केला, बटण दाबलं, सेकंदकाटा धावला. बोटीत येऊन पाहतो तर काचेच्या आत धुकं.

घड्याळजीने उघडून वाळवलं, बटणांची गॅस्केटं (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलली, दाबाची चाचणी घेतली. सुदैवाने मशीन वाचलं. घड्याळावर २०० मीटर लिहिलंय ते सगळं बंद असताना. बटण आत जाताना रबरी कडी सरकते आणि बाहेरच्या दाबाला वाट मिळू शकते. ५ मीटरवरही हा दाब जमिनीपेक्षा दीडपट असतो. ओमेगा सीमास्टर ३०० मीटर क्रोनोग्राफसारख्या काही घड्याळांची बटणं पाण्यात चालतात, माझ्याची नाही. हे माहितीपत्रकात स्पष्ट होतं. वाचतो कोण?

आता थांब्यासाठी बाहेरची फिरती कडी वापरतो. तिचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, काटा तीन रेघा पुढे गेला की वर. कडी एकाच दिशेने फिरते, त्यामुळे चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही. क्रोनोग्राफ हवाच असेल तर बोटीवरच चालू करून स्क्रू घट्ट करतो. खोली आणि वेळेचा खरा हिशेब मात्र डाइव्ह कॉम्प्युटरकडे. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, तेही बटणं न दाबता.