चमकणारा समुद्र बघायला कोकणात जाताय? बडोदेकरांनो, या चुका टाळा

सुट्टी बघून तिकीट काढणं ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. लाटेतला निळा उजेड अतिशय मंद असतो, चांदणं पडलं की तो दिसतच नाही. म्हणून तारखेआधी तिथी बघा. कोजागिरीला जाऊन काही उपयोग नाही, त्रिपुरी पौर्णिमेलाही नाही. आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीचे दिवस मात्र अगदी जुळून येतात: लक्ष्मीपूजन अमावास्येला आणि भाऊबीजेची कोर सूर्यास्तानंतर तास-दीड तासात मावळते. वद्य अष्टमीनंतरही चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा उगवतो, त्यामुळे संध्याकाळ अंधारी मिळते. कोकणात हा प्रकार बहुतेक नोव्हेंबर ते जानेवारीत दिसतो. पावसाळ्यात नाव काढू नका.

दुसरी चूक जागेची. बडोद्याला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. तिथे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्याही वर जातो, तळाचा गाळ सतत ढवळला जातो आणि पाणी चहासारखं गढूळ राहतं. त्यात हा उजेड सापडण्याची आशा ठेवू नका. वसई रोडमार्गे कोकण रेल्वे धरा आणि रत्नागिरी, देवगड, मालवण या पट्ट्यात उतरा. तिथेही रोज दिसेलच असं नाही. निघण्याआधी मुक्कामाच्या घरी फोन करून नेमकं विचारा: "काल रात्री रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना पाणी चमकलं का?" कुठल्याही जुन्या व्हिडिओपेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त खरं.

तिथे पोहोचूनही काही दिसत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. समुद्र दिव्यासारखा सतत पेटलेला असेल, या समजुतीने ते लांब उभे राहतात. हा उजेड बहुतेक वेळा नॉक्टिलुका नावाच्या एकपेशीय जिवाचा असतो. आकार साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याहूनही लहान. पाणी हललं की पेशीवर ताण येतो, आतलं ल्युसिफेरिन नावाचं रसायन ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी चमक उठते. पाणी शांत तर उजेड नाही. ओल्या वाळूवर पाय दाबा, घोट्याइतक्या पाण्यात हात फिरवा. तरीही शंका असेल तर बादलीभर समुद्राचं पाणी घ्या, पंधरा मिनिटं झाकून अंधारात ठेवा आणि मग ढवळा. ठिणग्या दिसल्या नाहीत तर ती रात्र नाही, हे धरून चला. एकाच जागचं पाणी सारखं ढवळू नका, चमक लवकर मंदावते. हॉटेलच्या दिव्यांत फेस निळसर दिसतो, त्यालाही भुलू नका. दिव्यांकडे पाठ करून सावलीत जा आणि तिथे बघा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकाने मोबाईल उघडला की सगळ्यांची ती मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी बांधा.

आता भरती. इथे निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. अंधारी रात्र अमावास्येची आणि उधाणही अमावास्येचंच. कोकणातला जुना हिशेब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते (दिवसा एकदा, रात्री एकदा), बंदराप्रमाणे तासभर पुढेमागे. भाऊबीजेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे रात्री दीडच्या सुमारास भरती. तुम्ही आठ-नऊला पाण्यात उभे असता तेव्हा पाणी चढत असतं. पंचमीला भरती दुपारी पावणेचारला, त्यामुळे रात्री नऊपर्यंत पाणी उतरतं असतं. ती वेळ मुलाबाळांसाठी बरी, पण चंद्रकोर मावळायला रात्रीचे दहा वाजतात. घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका आणि खडकांकडे तर मुळीच नको.

दिवसा पाण्यावर लालसर किंवा हिरवट दाट साय दिसली तर त्यात पोहू नका. नॉक्टिलुकाची दाट वाढ पाण्यात अमोनिया सोडते, ऑक्सिजनही घटतो. किनाऱ्याला लागलेले मेलेले मासे खाऊ नका.

फोटोसाठी ट्रायपॉड हवाच. आयएसओ ३२००, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) शक्य तितकं उघडं, १० ते १५ सेकंद, फ्लॅश बंद. ऑटोफोकस अंधारात चुकतो, म्हणून दूरच्या होडीच्या दिव्यावर हाताने फोकस लावून ठेवा. फोटोत निळा रंग डोळ्यांपेक्षा गडद येतो, हे बरोबरच्या मंडळींना आधीच सांगा.

आणि बाटलीत भरून बडोद्याला आणू नका. बंद बाटलीत ते जीव तग धरत नाहीत, आणि घरच्या गोड्या पाण्यात टाकले तर फुगून फुटतात.