एआयकडून ड्राफ्ट करून घेताय? नागपूरच्या वकिलांनी या चुका टाळाव्यात

खोट्या साइटेशनची, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या निकालांच्या दाखल्यांची, धास्ती आता सगळ्यांनीच घेतली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने चॅटजीपीटीने रचलेले निकाल दाखल करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणी आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. पण नसलेला निकाल पकडणे त्या मानाने सोपे असते. शोधला की सापडत नाही, संपले. खरा घात होतो तो अस्सल कायद्याने, जो आपल्या भागाला लागूच नसतो.

विदर्भाचा कायदा न सांगता प्रश्न विचारणे

कुळाच्या जमिनीबद्दल नुसते ‘महाराष्ट्रात’ असे विचारले, तर एआय बहुतेक वेळा १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, कलम ३२-ग आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कुळाला मालकी मिळण्याची ठरलेली तारीख) पुढे करतो. उत्तर साफसूफ असते, कलमेही खरी असतात, फक्त ती पश्चिम महाराष्ट्राची. काटोल किंवा उमरेडच्या शेताला विदर्भासाठीचा १९५८ चा वेगळा कायदा लागतो. त्यात मालकी हक्काची कलमे ४६ आणि ४९-अ, आणि तारखा १ एप्रिल १९६१ व १ एप्रिल १९६३. मराठवाड्याचा कायदा तिसराच.

भाड्याच्या जुन्या प्रकरणांतही हाच गोंधळ. नागपुरातल्या महाल भागातील जुन्या भाडेकरूच्या वादात एआय १९४७ चा मुंबई भाडे कायदा घालतो. इथे तो कधी नव्हताच. ३१ मार्च २००० ला नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात येईपर्यंत आपल्याकडे सी. पी. अँड बेरार या जुन्या प्रांताचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता, आणि घर खाली करण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागत असे.

म्हणून प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत जिल्हा, तालुका, व्यवहाराचे वर्ष आणि लागू कायद्याचे पूर्ण नाव लिहा. कायद्याचा मूळ मजकूर जोडा आणि ‘उत्तर फक्त याच मजकुरातून दे, नसेल तर नाही म्हण’ असे बजावा. आणखी एक: ‘एआयआर १९५० नागपूर’ (ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहातला) असा दाखला दिसला की एआय तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा समजून मोकळा होतो. तो १९५६ पर्यंतच्या स्वतंत्र नागपूर उच्च न्यायालयाचा असतो. अर्जात न्यायालयाचे नाव चुकले की समोरचा वकील तिथेच उभा राहतो.

एकच आकडा, दोन कायदे

१ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायद्याच्या जागी अनुक्रमे बीएनएस (गुन्हे व शिक्षा), बीएनएसएस (कार्यपद्धती) आणि बीएसए (पुरावा) लागू झाले, पण एआयने वाचलेला बहुतांश मजकूर त्याआधीचा आहे. सीआरपीसीचे ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. बीएनएसएसचे ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. एफआयआर रद्द करण्याच्या अर्जावर ४८२ टाकून आणि खाली बीएनएसएस लिहून मसुदा येतो, वाचताना डोळ्याला खुपतही नाही. तसेच ३०२ चे. आयपीसीत खून, बीएनएसमध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणे. खून आता १०३ मध्ये आहे.

गुन्हा मे २०२४ चा आणि एफआयआर ऑगस्टमधला असेल, तर गुन्ह्याची कलमे आयपीसीची आणि कार्यपद्धती बीएनएसएसची. हे एआयला वेगळे सांगावे लागते. घटनेची तारीख आणि एफआयआरची तारीख या दोन्ही नेहमी द्या.

निकाल खरा, वाक्य भलत्याचे

निकाल सापडला म्हणून तपासणी संपत नाही. सारांश करताना एआय वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून उचलतो, कधी खालच्या कोर्टाने लिहिलेले आणि वर फिरवले गेलेले वाक्यही. ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे संकेतस्थळ) किंवा ई-कोर्ट्सच्या जजमेंट पोर्टलवरून मूळ पीडीएफ काढा. न्यूट्रल साइटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक, जुळवा. नागपूर खंडपीठाच्या निकालात वर्षानंतर ‘बीएचसी-नाग’ असते. मग दिलेला परिच्छेद उघडा आणि त्याच्या वरचे दोन परिच्छेदही वाचा. ‘असा युक्तिवाद करण्यात आला की’ हे शब्द तिथेच सापडतात. निकाल पुढे उलटला का, हे एआयला विचारू नका. ‘नाही’ हे त्याचे आवडते उत्तर आहे.

मुदत मोजायला देणे

चेक बाउन्सची तक्रार ‘एका महिन्यात’ करायची असते, ३० दिवसांत नाही. नोटीस २५ जानेवारी २०२६ ला मिळाली, पैसे देण्याचे १५ दिवस ९ फेब्रुवारीला संपले, वादकारण (तक्रारीचा हक्क) १० फेब्रुवारीला निर्माण झाले, तर शेवटचा दिवस १० मार्च. एआय ३० दिवस मोजून १२ मार्च सांगतो. मग दोन दिवसांच्या विलंबासाठी माफीचा अर्ज जोडत बसा. मुदत कॅलेंडर समोर ठेवून हातानेच मोजा.

जुना फॉन्ट, पुसट सातबारा

कृतिदेव किंवा शिवाजी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला दावा कॉपी करून टाकला, तर एआयला अगम्य चिन्हे मिळतात आणि तो अंदाजाने वाक्ये जुळवतो. आधी युनिकोडमध्ये बदला. स्कॅन ३०० डीपीआयने करा. हस्तलिखित फेरफारातले आकडे एआयने वाचले तर एकेक तपासा, १ आणि ९ हमखास बदलतात. नझूल, आखीव पत्रिका, सुधार प्रन्यास हे शब्द इंग्रजीत नेताना त्याचे मनाचे पर्याय येतात. पंधरा-वीस शब्दांची स्वतःची यादी आधी चिकटवली की हा त्रास निम्मा होतो.

अशिलाचे कागद जसेच्या तसे चढवणे

अशिलाने वकिलाला सांगितलेले बीएसएच्या कलम १३२ मुळे सुरक्षित असते. ते फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकताना ही सुरक्षा आपणच सैल करतो. पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचार) किंवा बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड होऊ देणे हा तर गुन्हा. संभाषणावरून प्रशिक्षण घेण्याची परवानगी सेटिंगमध्ये बंद करा. नावांच्या जागी ‘फिर्यादी’, ‘आरोपी क्र. २’ असे लिहा आणि कोण कोण ते वेगळ्या कागदावर ठेवा.

इथे मराठीची एक खास अडचण आहे. ‘शेंडे’ शोधून बदलले तरी ‘शेंड्यांनी’, ‘शेंड्यांच्या’ तशीच राहतात. म्हणून ‘शेंड’ एवढेच शोधा आणि एकेक जागा पाहून बदला. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ओढला, तर खालचा मजकूर शाबूत राहतो आणि सहज कॉपी होतो. पान छापून, नाव शाईने पूर्ण झाकून पुन्हा स्कॅन करा, आणि फाइलच्या नावातूनही अशिलाचे आडनाव काढा.