दवाखान्याला रॅम्प केला, त्याचा अनुभव

परभणीत माझा दातांचा दवाखाना आहे. जागा भाड्याची, ओटा दीड फूट उंच. व्हीलचेअरवरच्या पेशंटला नातेवाईक उचलून आत आणायचे. मला ते बघवत नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी दवाखान्यांतही विनाअडथळा प्रवेशाची आणि उपचारात प्राधान्याची तरतूद आहे. तीच वाचून दाखवली, तेव्हा घरमालक राजी झाले.

उतार १:१२ चा लागतो, म्हणजे दीड फुटाला १८ फूट लांबी. समोर एवढी जागा कुठली? मिस्त्री म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जरा खडा करू की, काय होतंय?" मी ठाम नाही म्हटलं. खड्या चढावर खुर्ची मागे उलटते. शेवटी बाजूच्या भिंतीलगत नेला, वळणावर सपाट टप्पा दिला. खरबरीत शहाबादी फरशी, दोन्हीकडे कठडा.

आत डेंटल चेअर व्हीलचेअरच्या बैठकीइतकी खाली घेतो, तिचा हात बाजूला करतो, की पेशंट स्वतः सरकून येतो. ऐकू न येणाऱ्यांशी मास्क लावायच्या आधीच बोलून घेतो. दुखलं तर हात वर करायचा, हे ठरवतो. एचआयव्ही असलेल्यांशी भेदभावाला २०१७ चा कायदा मनाई करतो. अवजारं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह सगळ्यांना तोच.

संडासाचं दार अरुंद आहे. तीन फुटी चौकट सांगून ठेवली आहे.