व्हॉल्व्हचं ऑपरेशन सांगितलंय? मग बदलायच्या आधी रिपेअरचं विचारा

घरातल्या कुणाला डॉक्टरनी "हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) खराब झालाय, ऑपरेशन लागेल" असं सांगितलं की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो खर्च किती आणि दुसरा करायचं कुठं, कोल्हापुरातच का पुण्या-मुंबईला. दोन्ही बरोबरच आहेत, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. व्हॉल्व्ह बदलायलाच पाहिजे का, आहे तोच रिपेअर होत नाही का? हे आज विचारता येतंय त्यात आलँ कार्पाँतिए या फ्रेंच सर्जनचा फार मोठा वाटा आहे, आणि त्यांनी काय केलं हे कळलं की डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

कार्पाँतिए १९३३ साली तुलूझला जन्मले आणि पॅरिसला सर्जन झाले. १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यात गोळी असलेला कृत्रिम व्हॉल्व्ह बसवून दाखवला होता, लोक जगायला लागले होते, पण त्यावर रक्ताची गुठळी व्हायची आणि ती मेंदूत गेली की पॅरालिसिस. म्हणून १९६५ ला पॅरिसमध्ये झाँ-पॉल बिने आणि कार्पाँतिए यांनी माणसाला प्राण्याचा व्हॉल्व्ह बसवला. गुठळीचा त्रास कमी झाला पण ते व्हॉल्व्ह थोड्या वर्षांत खराब व्हायला लागले, कारण शरीर ते परकं म्हणून ओळखायचं. इथं दुसरा कुणी सोडून दिला असता विषय, कार्पाँतिएंनी केमिस्ट्रीचा अभ्यास केला आणि ग्लुटारल्डिहाइड नावाच्या केमिकलमध्ये तो व्हॉल्व्ह मुरवायची पद्धत काढली, त्यानं टिश्यू पक्का होतो आणि शरीराचा विरोधही कमी होतो. आज "टिश्यू व्हॉल्व्ह" म्हणून जे बसवतात ते याच वाटेनं आलेत. २००७ ला स्टार आणि कार्पाँतिए दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. पुढं पूर्ण कृत्रिम हृदयावरही कार्पाँतिएंनी काम केलं, ते २०१३ च्या डिसेंबरात पॅरिसला पहिल्यांदा पेशंटला बसवलं. पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम रिपेअरचं.

मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला, लीक असला की त्यांनी सरळ तीन प्रकार पाडले. व्हॉल्व्हचे पडदे नीट हलतायत पण भोवतीची रिंग सैल पडलीय किंवा पडद्याला भोक आहे, हा टाइप १. पडदा गरजेपेक्षा जास्त वर जातोय, बहुतेक पडद्याला धरून ठेवणारी दोरी लांबलीय नाहीतर तुटलीय, हा टाइप २. आणि पडदा आखडलाय, पुरता हलतच नाही, हा टाइप ३. मग त्या त्या बिघाडाला ती ती दुरुस्ती, आणि शेवटी व्हॉल्व्हच्या कडेनं एक रिंग शिवायची, दाराची चौकट सरळ केली की दार नीट लागतं तसंच ते.

तर आता तुमच्या हातातला टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घ्या. त्यात एमआर म्हणजे मायट्रल लीक, एमएस म्हणजे व्हॉल्व्ह आकसलाय, प्रोलॅप्स लिहिलं असेल तर टाइप २, आणि त्यात रिपेअर व्हायचा चान्स चांगला असतो. आरएचडी (रूमॅटिक हार्ट डिसीज) लिहिलं असेल तर लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून आलेल्या तापाचा तो परिणाम, आपल्याकडं हे तरुण बायका-पोरांत अजून दिसतंय, यात पडदे जाड होऊन चिकटतात म्हणून रिपेअर अवघड जातं. पण व्हॉल्व्ह नुसता आकसलेला असेल आणि बाकी बरा असेल तर छाती न उघडता मांडीतून बलून घालून उघडता येतो का, हे जरूर विचारा.

सर्जनला स्पष्ट विचारा, यात लाजायचं काही नाही: सर, रिपेअर होईल का, तुम्ही वर्षाला अशी रिपेअर किती करता, ऑपरेशन चालू असतानाच अन्ननलिकेतून इको करून लीक थांबलाय का बघणार का, आणि नाही जमलं तर त्याच वेळी कुठला व्हॉल्व्ह बसवणार. रिपेअर फार कमी होत असेल तर दुसरीकडं एक ओपिनियन घ्या, चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

बदलायचाच ठरला तर मेटलचा का टिश्यूचा हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री ठरवू नका. मेटलचा खूप वर्षं टिकतो पण रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर, आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला सारखी आयएनआर तपासणी. टिश्यूचा साधारण १० ते १५ वर्षं जातो, तरुण माणसात लवकर खराब होतो, पण कायमची गोळी बहुतेकांना लागत नाही. पन्नाशीच्या आतल्यांना शक्यतो मेटल आणि पासष्टीच्या पुढं टिश्यू असं डॉक्टर सांगतात, मधल्यांनी बसून बोलायचं. मूल व्हायचं असलेल्या मुलीनं हे आधीच सांगितलंच पाहिजे, ती गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. आणि गावाकडं राहताय, लॅब लांब आहे, रोज शेतात हाताला लागतंय, हे पण सांगा, त्यावरून निर्णय बदलू शकतो.

पैशाचं म्हणाल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा सरकारच्या महात्मा फुले योजनेत असलेल्या कुठल्याही हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा, त्यात तुमचं ऑपरेशन बसतंय का आणि टिश्यू व्हॉल्व्ह, रिंग त्यात धरलीय का हे विचारा. रेशनकार्ड, आधार, इकोचे जुने रिपोर्ट सगळं एका फाइलीत ठेवा. ॲडमिट व्हायच्या आधी दात तपासून घ्या, किडक्या दातातले जंतू रक्तातून नवीन व्हॉल्व्हवर बसू शकतात.

घरी आल्यावर छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात, तोवर घागर, सिलिंडर उचलायचा नाही, गाडी चालवायची नाही. तांबडा-पांढरा रस्सा, खर्डा, पापड, लोणचं यात मीठ फार जातंय म्हणून डॉक्टरला विचारूनच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मेथी, शेपू, पोकळा बंद करायची गरज नाही, फक्त एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही असं करू नका, आयएनआर खालीवर होतो. मेडिकलमधून मनानं पेनकिलर घ्यायची नाही. ताप दोन दिवस टिकला तर गल्लीतल्या डॉक्टरला आधी व्हॉल्व्हचं सांगा, मगच अँटिबायोटिक, कारण आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती तपासणी, घ्यावं लागू शकतं. डिस्चार्जला व्हॉल्व्हचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, साइझ, नंबर असतो, ते मागून घ्या आणि फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.